शिकलेले हातात उतरले पाहिजे

तिफणीमागे चालत चाड्यावर मूठ धरणारी एखादी जाणती शेतकरीण ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या लेखाचा विषय फार फोड करून सांगावा लागणार नाही. बैल आपल्या चालीने चाललेले असतात, पायांखाली तास सरकत असते आणि तिच्या मुठीतून ज्वारीचा दाणा चाड्यात एकसारखा पडत असतो. मध्येच ती बांधावरच्या पोराला हाक मारते, औत धरणाऱ्याला दोन शब्द सांगते, आभाळाकडे पाहते. तरी दाण्याची धार तुटत नाही. पुढे उगवण झाली म्हणजे तासात ना नांग्या दिसतात, ना दाटी. हे कसे साधते असे तिला विचारले, तर ती एवढेच म्हणते की, हाताला कळते. याहून अधिक तिला सांगता येत नाही आणि सांगण्याची आवश्यकताही नसते.

हे जे 'हाताला कळणे' आहे, ते जन्मतः कोणालाही लाभत नाही. त्याच बाईने पहिल्या हंगामात मूठ धरली तेव्हा दाणा कोठे ढिगाने पडला असेल, कोठे पडलाच नसेल, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी चार वेळा टोकले असेल. तेव्हा तिचे सारे लक्ष मुठीकडे होते. आज मूठ आपले काम करते आणि लक्ष मोकळे राहते. या दोन अवस्थांमधील अंतर केवळ सरावाने तोडले गेले आहे.

आता तिफण मागे पडत चालली आहे. तिची जागा ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र, बॅटरीवरचा फवारणी पंप, मळणी यंत्र, काही ठिकाणी ड्रोन यांनी घेतली आहे. यंत्रे बदलली, परंतु माणसाचा हात शिकतो कसा, हा नियम बदललेला नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : काम पाहिल्याने समजते, पुनःपुन्हा केल्याने येते आणि वेळेवर उजळणी केल्यानेच टिकते. ही तीन वेगवेगळी कामे आहेत. आपल्या गावोगावच्या प्रशिक्षणांपैकी पुष्कळशी पहिल्या कामाशीच थांबतात. पन्नास माणसे जमतात, एक जण यंत्र चालवून दाखवितो, भाषण होते, हजेरीपटावर सह्या होतात आणि सर्व जण शिकले असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शिकलेला असतो तो एकच, म्हणजे यंत्र चालविणारा; आणि तो तर आधीच शिकलेला होता.

अवघड काम हातात कसे उतरते, याचे एक परिचित उदाहरण घेऊ. दुचाकी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घेणे हे काम नवशिक्याला रडकुंडीस आणते. ट्रॉलीची शेपटी डावीकडे न्यावयाची तर चक्र प्रथम उजवीकडे वळवावे लागते आणि ट्रॉली वळू लागताच ते उलट फिरवून तिच्या मागोमाग ट्रॅक्टर न्यावा लागतो. क्षणभर उशीर झाला की ट्रॉली दुमडते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. नवशिका मनाशी प्रत्येक गोष्ट घोकत असतो : आता उजवीकडे, आता क्लच, आता मागे पाहा. काही दिवसांनी चुका कमी होतात, पण विचार करावा लागतोच. पुढे एक दिवस असा येतो की तो चक्राचा विचारच करीत नाही. ट्रॉली कोठे न्यावयाची एवढेच मनात आणतो आणि हात बाकीचे पाहून घेतात. समजून करणे, चुका सुधारीत करणे आणि आपोआप होणे अशा या तीन पायऱ्या आहेत. पहिलीवरून तिसरीवर उडी मारता येत नाही.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. अमेरिकेत ब्रायन व हार्टर या दोघा संशोधकांनी १८९७ व १८९९ साली तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या शिक्षणाविषयी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्याकडील तारसेवा २०१३ साली बंद झाली. परंतु तारेचा कटकट आवाज ऐकून मजकूर लिहून घेणारा तारमास्तर पुष्कळांच्या स्मरणात असेल. या संशोधकांना असे दिसून आले की, शिकाऊ माणूस प्रथम एकेक अक्षर ओळखतो, मग अख्खा शब्द एकदम ओळखू लागतो आणि पुढे शब्दांचे समूहच त्याच्या कानाला कळू लागतात. खालची पायरी आपोआप होऊ लागली म्हणजेच वरची पायरी चढण्यास मन मोकळे होते. मधल्या काळात काही शिकणाऱ्यांची प्रगती आठवडेच्या आठवडे थांबल्यासारखी दिसली आणि नंतर पुन्हा वेगाने सुरू झाली. आमच्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानी धरावे. आठ दिवस सराव करूनही एखाद्या तरुणाची ट्रॉली सरळ मागे जात नाही, म्हणून त्याला 'तुझ्या हातून व्हायचे नाही' असे म्हणणे हे अज्ञान होय.

काम आपोआप होऊ लागल्याचा खरा लाभ केवळ वेगाचा नाही. लक्ष मोकळे होते, हा मोठा लाभ आहे. ज्याला चक्र, क्लच आणि गिअर यांचीच विवंचना आहे, त्याला मागे पेरणीयंत्राची एक नळी मातीने बुजली आहे हे दिसत नाही. एक नळी बुजली म्हणजे शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओळ रिकामी जाते. आणि ही चूक पेरणीच्या दिवशी नव्हे, तर उगवणीच्या दिवशी कळते, जेव्हा वापसा निघून गेलेला असतो. तद्वतच ज्याचा हात पंपावर बसला आहे, तोच वारा फिरल्याचे वेळीच ओळखतो आणि औषधाचा फवारा स्वतःच्या अंगावर येण्यापूर्वी दिशा बदलतो.

परंतु या नियमाला दुसरी बाजू आहे आणि ती अधिक गंभीर आहे. हाताला बरे-वाईट कळत नाही. ज्याचा सराव कराल ते तो शिकतो. फवारणी करताना नोझल तुंबले की ते काढून तोंडाने फुंकण्याची सवय पुष्कळांना आहे. असे करू नये, हे त्यांना ठाऊक नसते असे नाही. विचारले तर ते बरोबर उत्तर देतात. पण काम घाईचे असते, नोझल तुंबते आणि विचार मनात येण्यापूर्वीच हात तोंडाकडे जातो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही गोष्ट आपण विसरलेलो नाही. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि त्या सर्वांचा दोष फवारणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि संरक्षक कपडे, वाऱ्याची दिशा, नोझल साफ करण्याची रीत या गोष्टी हाताच्या वळणात बसलेल्या असाव्या लागतात; त्या केवळ भिंतीवरील पत्रकात असून भागत नाही, हा धडा तरी आपण त्यातून घेतला पाहिजे.

ट्रॅक्टरचेही तसेच. पी.टी.ओ.चा दांडा सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदात ९. त्यात उपरण्याचे टोक किंवा पदर सापडला, तर हात मागे घेण्यास अवधीच उरत नाही. यास्तव खाली उतरण्यापूर्वी पी.टी.ओ. बंद करणे आणि इंजीन थांबविणे ही क्रिया आठवून करण्याची राहू नये. उतरण्याचाच तो एक भाग व्हावा. पहिल्या दिवसापासून, यंत्र रिकामे असतानादेखील, प्रत्येक वेळी तसेच उतरविले, तरच ते साधते. प्रथम कसेही शिकू द्यावे, मग सुधारू, असे म्हणणाऱ्याने ध्यानात घ्यावे की, एकदा बसलेले चुकीचे वळण मोडणे हे नवे वळण लावण्याहून कष्टाचे असते. आणि गडबडीच्या क्षणी हात बहुधा जुन्या वळणावरच जातो.

आता टिकण्याचा प्रश्न. येथे कसबाचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. सायकल एकदा आली की वर्षानुवर्षे न चालविताही ती विसरत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. फ्लीशमन व पार्कर यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना विमान चालविण्यासारखे, हात व पाय दोन्ही वापरून करण्याचे अवघड काम शिकविले आणि ९ ते २४ महिन्यांच्या खंडानंतर त्यांची परीक्षा घेतली. त्यांचे कसब जवळजवळ जसेच्या तसे राहिले होते. जे थोडे उणे झाले होते, ते अल्पशा सरावात भरून आले. अखंड चालणाऱ्या, नजर आणि हात यांचा मेळ घालणाऱ्या कामाचे असे असते. ट्रॅक्टरचे चक्र धरणे, औत सरळ चालविणे, चाड्यावर मूठ धरणे ही कामे या जातीची आहेत.

याउलट, एकामागून एक ठरावीक क्रमाने करावयाच्या सुट्या सुट्या क्रिया माणूस लवकर विसरतो. बंद पडलेले हृदय छाती दाबून चालू ठेवण्याची प्रथमोपचाराची रीत शिकलेले लोक, उजळणी न केल्यास, काही महिन्यांतच तिच्यात चुका करू लागतात, असे वारंवार आढळून आले आहे. शेतीत अशी क्रमाची कामे पुष्कळ आहेत आणि त्यांतील बरीचशी वर्षातून एकदाच करावी लागतात. पेरणीयंत्राचे चाक उचलून ठरावीक फेरे फिरविणे, पडलेले बियाणे तोलणे व त्यावरून एकरी प्रमाण बसविणे, हे असे एक काम होय. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक रस्त्यावर जाण्यापूर्वी कडीने एकत्र जोडणे, हे दुसरे. ही कडी लावण्याचे राहून गेले आणि भरधाव ट्रॅक्टरचा एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर त्या बाजूस गरकन ओढला जातो. अशा वेळी वीस वर्षे ट्रॅक्टर चालविल्याचा अनुभव कामास येत नाही. किंबहुना तो अनुभवच घात करतो. कारण चक्र सफाईने फिरत असल्यामुळे आपल्याला सारे काही येते अशी खात्री वाटत राहते, आणि क्रमातील एक पायरी गळाली आहे हे ध्यानातच येत नाही. 'पुढचे पाठ, मागचे सपाट' ही म्हण जणू अशाच कामांसाठी झाली आहे.

म्हणून दोहोंसाठी उपायही दोन हवेत. हाताच्या कसबासाठी आरंभी भरपूर सराव द्यावा. मग ते पुढे आपले आपण टिकते. क्रमाच्या कामासाठी मात्र हंगामापूर्वी दर वर्षी उजळणी करावी आणि क्रम जाड अक्षरांत लिहून यंत्रावरच लावावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. हजारो तास विमान चालविलेला वैमानिकदेखील उड्डाणापूर्वी यादी वाचूनच एकेक गोष्ट तपासतो.

फवारणीच्या पंपाचे एक उदाहरण देतो. एक गुंठा जागा मोजून घ्यावी, पंपात साधे पाणी भरावे आणि नेहमीच्या चालीने ती जागा फवारून किती पाणी लागले ते मोजावे. गुंठ्याला ५ लिटर लागले, तर ४० गुंठ्यांच्या एकराला २०० लिटर लागतील. औषधाचे एकरी प्रमाण वेष्टनावर दिलेले असते. ते या २०० लिटरांत बसवावयाचे. हिशेब सोपा आहे, पण चाल बदलली की तो चुकतो. घाईने चालणारा कमी औषध टाकतो, रेंगाळणारा जास्त. म्हणून हिशेबाबरोबर चालीचाही सराव व्हावयास हवा, आणि तो साध्या पाण्यावर होऊ शकतो. त्यासाठी औषधाचा थेंबही खर्ची पडत नाही व कोणाच्या जिवाला धोकाही नसतो.

सराव किती वेळ द्यावा, याविषयीही काही माहिती उपलब्ध आहे. इंग्लंडमध्ये टपाल खात्यातील माणसांना कळफलकावर टंकन शिकविताना बॅडले व लाँगमन यांनी त्यांचे गट पाडले. काहींना दिवसाला एक तास, काहींना दोन तास व काहींना चार तास शिक्षण दिले. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, दररोज एकच तास शिकणाऱ्यांनी सर्वांत थोड्या एकूण तासांत तेच कसब मिळविले. मात्र त्यांना दिवस अधिक लागले, आणि म्हणून आपल्या शिक्षणावर सर्वांत कमी समाधानीही तेच होते. ही गोष्ट मार्मिक आहे. जी रीत शिकणाऱ्याला आवडते, तीच त्याला उत्तम शिकविते असे नाही. एकाच दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत केलेल्या शिबिराने सर्वांचे समाधान होते, परंतु तेवढाच वेळ सहा दिवस तास-तासभर दिला, तर हात अधिक शिकतो.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, सराव काम करता करता होतोच, वेगळा कशाला हवा? काम करता करता सराव होतो हे खरे. पण पेरणीच्या दिवशी वापसा निघून जात असतो, ट्रॅक्टर भाड्याचा असतो, मजूर खोळंबलेले असतात. अशा घाईत माणूस बरोबर रीत शिकत नाही. कसेबसे काम उरकण्याची रीत शिकतो आणि तीच अंगवळणी पडते. दुसरा आक्षेप खर्चाचा. डिझेल लागेल, यंत्र अडकून पडेल. परंतु रिकामी ट्रॉली आणि चार काठ्या रोवलेले पडीक रान एवढ्यावर मागे घेण्याचा सराव होतो. पंपाला पाणी पुरते. पेरणीयंत्र बसविण्याचा सराव अंगणात होऊ शकतो. तिसरा आक्षेप असा की, लोकांना वेळ नाही. याचे उत्तर आपल्याच योजनांत आहे. २०२३ साली मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत ड्रोन चालविणाऱ्या महिलेसाठी १५ दिवसांचे प्रशिक्षण ठेवण्यात आले. यंत्र महाग असले म्हणजे आपल्याला सरावाचे महत्त्व पटते. पाठीवरचा पंप स्वस्त आहे. परंतु तो वाहणाऱ्याचा जीव स्वस्त नाही.

तत्त्व म्हणून यात नवे काहीच नाही. ट्रॅक्टर चालविणे हा शिकण्याचा विषय आहे हे ओळखून मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ सालीच प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. १९७४ साली पाँडिचेरी येथे देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र स्थापन झाले, तेव्हापासून करून शिकणे हेच या केंद्रांचे सूत्र राहिले आहे. उणीव आहे ती हे सूत्र गावाच्या पारापर्यंत नेण्याची.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना यास्तव आमच्या पाच सूचना आहेत. एक, यंत्र दाखविण्याच्या कार्यक्रमात माणसे थोडी घ्यावीत आणि भाषणाच्या दुप्पट वेळ शिकणाऱ्याच्या हातात यंत्र द्यावे. दोन, आरंभ संथ गतीने व अचूक रीतीने करावा. वेग मागाहून आपोआप येतो. तीन, चूक होताच ती तेथल्या तेथे, पण चारचौघांत अपमान न करता, दाखवून द्यावी. चार, एक दिवसाच्या शिबिराऐवजी थोडा थोडा सराव अनेक दिवस घ्यावा. त्यासाठी गावातलाच एखादा हातखंडा चालक किंवा जाणती शेतकरीण पुढे करावी. पाच, मृगापूर्वी आणि रब्बीपूर्वी एकेक दिवस केवळ उजळणीसाठी राखावा आणि त्या दिवशी अनुभवी माणसांनीही यादी हातात घेऊन आपापले यंत्र तपासावे.

शेतकरी बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे की, नवे यंत्र घरी आले की पूजा होते, नारळ फुटतो. त्याबरोबरच आठ दिवस रोज तासभर रिकाम्या रानात ते चालवून पाहण्याचाही नेम धरावा. घरातील तरुण मुलगा ट्रॅक्टर चालवितो याचे कौतुक जरूर करावे. पण तो खाली उतरताना पी.टी.ओ. बंद करतो की नाही, रस्त्यावर जाण्यापूर्वी ब्रेकची कडी लावतो की नाही, हेही पाहावे. नसेल तर त्याला पुन्हा वर बसवून नीट उतरावयास लावावे. आज, उद्या, परवा, जोवर सांगण्याची गरज उरत नाही तोवर. चाड्यावर मूठ धरणाऱ्या त्या बाईलाही तिच्या घरच्यांनी असेच शिकविले होते.